डोहाळजेवणाचं पाणी

लिंबाजी : चावी दे, ज्योत्स्ना. टेम्पो भरून उभा हाय, गिऱ्हाइकं फोनवर फोन करायलीत. ही काय मस्करी लावलीस?

ज्योत्स्ना : मस्करी नाही, बाबा. आज पाण्याचा एकही जार बाहेर जाणार नाही.

लिंबाजी : हे माझी लेक बोलायली का तुझं नांदेडचं आरोग्याचं हापिस बोलायलंय?

ज्योत्स्ना : दोघंही.

लिंबाजी : वा गं वा! कवाधरनं गावात फिरून राहिलीस, गल्लीगल्लीत काविळीचे पेशंट हुडकून राहिलीस. लोक मला सांगायचे, लिंबाजी, तुझी लेक दिसली, डोक्याला रुमाल बांधून उन्हात दारोदार हिंडायली. घराकडं फिरकली न्हाईस. तुझी माय भाकरी झाकून वाट बघत बसली. आन् आज आलीस ती टेम्पोची चावी काढून घ्यायला.

ज्योत्स्ना : मला घरी यायची भीती वाटत होती.

लिंबाजी : घरची भीती? कामून?

ज्योत्स्ना : जिथं काविळीचा पेशंट सापडायचा, तिथं माझी नजर आधी कोपऱ्यात जायची. जार आहे का बघायचे. पहिल्या घरी होता. शेजारी होता. पुढच्या गल्लीत होता. नंतर नंतर दार वाजवायचंच धाडस होईना. प्रत्येक जारवर माझं नाव, बाबा. ज्योत्स्ना जल. तुम्हीच हौसेनं रंगवून घेतलेलं.

लिंबाजी : आगं, अर्ध्या गावात आपलाच जार हाय. ज्याच्या घरी कावीळ हाय त्याच्या घरी टीव्ही बी हाय. टीव्हीनं झाली का कावीळ?

ज्योत्स्ना : म्हणून तर ज्या घरात कावीळ नाही तिथंही गेले. लातूरला हेच शिकवलं आम्हाला. आजारी घर बघायचं आणि त्याच्या शेजारचं धडधाकट घरही बघायचं. तुमचा जार न घेणाऱ्या घरांत पेशंट नाहीत. आपल्या भीमनगरात एकसुद्धा नाही.

लिंबाजी : आपल्या वस्तीत जार घेतंय कोन? नळाचं पितेत बिचारे.

ज्योत्स्ना : हो. नळाचंच पितात.

लिंबाजी : म्हंजी माझ्या भावकीनं माझं पानी घेतलं न्हाई म्हनून वाचली, असं म्हनायलीस तू?

ज्योत्स्ना : हो बाबा. तसंच आहे.

लिंबाजी : गप बस. दोन वर्सं लातूरला ठेवलं तुला. सुई टोचाया शिकीवलं न्हाई, गोळी द्याया शिकीवलं न्हाई. डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई तवा माधवराव सर म्हनले, लिंबाजीराव, सार्वजनिक आरोग्य म्हनून एक शिक्षान असतंय, पोरगी हुशार हाय, घाला. मला त्यातलं ओ का ठो कळलं न्हाई. सर म्हनतेत म्हंजी चांगलंच असंल म्हनून घातलं. तुझ्या संगतीची ती रूपाली हैदराबादला मोठ्या दवाखान्याचं हापिस सांभाळती, दिवसभर एसीत. ती देगलूरची पोरगी पुन्याला कुठल्या संस्थेत लागली, इमानानं दिल्लीला जाती म्हनं मीटिंगला. आन् तू कंत्राटावर नांदेडला. कशाला? बापाचं गटार हुंगाया?

ज्योत्स्ना : रूपालीनं मलाही बोलावलं होतं. मीच गेले नाही. मला वाटलं, आपल्याकडं साथ आली की कुणी शोधत बसत नाही, सलाईन लावतात आणि विसरतात. कुणीतरी इथं असावं.

लिंबाजी : मंग शोध की! हाटेलं हुडक, रसाचे गाडे हुडक. घरातच कामून आलीस?

ज्योत्स्ना : सगळं शोधून झालं. मग तुम्ही नसताना आईकडून प्लांटच्या टाकीतलं पाणी मागवून घेतलं आणि नांदेडला तपासायला दिलं. काल संध्याकाळी कळलं. त्यात मैला आहे, बाबा. माणसाचा.

लिंबाजी : तोंड सांभाळून बोल!

ज्योत्स्ना : बोअरला खेटून गटार जातं. ते खालून मुरतंय.

लिंबाजी : आन् एवढी फिल्टरची मशीन कशाला बसवली मी? शोभंला?

ज्योत्स्ना : मशीन चांगली आहे. चालू असेल तर.

लिंबाजी : काय म्हनायचंय तुला?

ज्योत्स्ना : वादळानं खांब पडले, लाईट गेली, तो आठवडा आठवा. ऐन लग्नसराईत. ही कावीळ पोटात गेल्यावर महिना-सव्वा महिन्यानं अंगावर दिसते. सगळ्यात आधी पडलेल्या पेशंटांपासून मागं मागं गेलं की तोच आठवडा येतो. तेव्हा मशीन बंद होती ना?

लिंबाजी : शेजारच्याचं जनरेटर आनलं व्हतं. बोअरची मोटर तेवढी वढली त्यानं. मशीन उचलंना.

ज्योत्स्ना : मग मल्लेशकाकांना तुम्ही पाणी नाही म्हणालात. त्यांच्या घरचं लग्न होतं. ते अजून कुरकुरतात, लिंबाजीनं ऐन वेळेला हात वर केले म्हणून.

लिंबाजी : न्हाईच म्हनलो. मशीन बंद असताना मी जार भरत न्हाई. कवाच भरला न्हाई. इचार कुनालाबी.

ज्योत्स्ना : मग कुणासाठी भरलात?

लिंबाजी : तुला ठावं हाय.

ज्योत्स्ना : तुम्ही सांगा.

लिंबाजी : सरांचा फोन आला. सूनबाईचं डोहाळजेवन हाय, दोनशे मानूस हाय, लिंबाजीराव, पानी तुमचंच पायजे. तुला न्हाई कळायचं ते, बाई. सरांच्या घरी रोजचा जार जातोय, ते येगळं. पन कार्याला! त्यांच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांम्होरं! माझा आज्जा सरांच्याच गल्लीच्या आडाजवळ वंजळ करून उभा ऱ्हायचा. कुनी वरून वतलं तर प्यायचा, न्हाई तर तसाच कोरड्या नरड्यानं रानात जायचा. आन् मला सर राव लावून पानी मागायलेत. मी कोन्या तोंडानं सांगू, लाईट न्हाई म्हनून?

ज्योत्स्ना : सांगायचं होतं, बाबा. सरांनी समजून घेतलं असतं.

लिंबाजी : हाव, घेतलं असतं. आन् कंधारहून दुसऱ्याचे जार आनले असते. मी हांड्यात बघितलं, पानी काचेवानी सोच्छ. मी म्हनलं, एका दिसानं काय व्हतंय? आपन न्हाई का प्यालो जलमभर? भरलं. बरफ टाकला. एकदा भरल्यावर मंग बाकीच्यांना बी देत गेलो, लाईट येईस्तोवर.

ज्योत्स्ना : आणि लाईट आल्यावर टाकी धुतली?

लिंबाजी : सीझनमधी टाकी कोन रिकामी करतंय?

ज्योत्स्ना : म्हणून घाण अजून तिथंच आहे. आज भरलेल्या जारांतसुद्धा.

लिंबाजी : मी सोता गेलतो त्या दिवशी. गडी आला न्हाई, मीच जार उचलून मांडवात मांडले. सूनबाई झोपाळ्यावर बसली व्हती, हिरवी साडी, फुलांच्या वाक्या. बाया गान्यात गुंगल्या व्हत्या. तिला तहान लागली, कुनाचं ध्यान न्हाई. मी गिलास भरून दिला. म्हनली, काका, किती गार आहे हो. आनखी एक मागितला.

ज्योत्स्ना : काल मी गेले होते नांदेडला आयसीयूत, सरांच्या सुनेला बघायला. श्रद्धावहिनी शुद्धीवर नाहीत.

लिंबाजी : कावीळच हाय ना? कावीळ उतरती. माझी बी उतरली व्हती ल्हानपनी.

ज्योत्स्ना : बाकीच्यांची उतरेल. आठवा महिना चालू असलेल्या बाईला ही कावीळ लई वाईट, बाबा. तिथले डॉक्टर माझ्याशी नीट बोलेनात. त्यावरनं काय ते समजा.

लिंबाजी : बरं. मंग माझं ऐक. मी प्लांट आज बंद करतो. टाकी फोडतो, जार फोडतो. उद्यापासून हमाली करतो मोंढ्यात. पन तुझ्या त्या रिपोर्टात माझं नाव घालू नको. बोअरचं पानी खराब निघालं, एवढंच घाल. तुझ्या पाया पडतो.

ज्योत्स्ना : असं बोलू नका.

लिंबाजी : मला तुरुंगाची भीती न्हाई गं. लिंबाजी चुकला असं म्हनले तर मी खाली मान घालून ऐकीन. पन तसं कुनी म्हनल का? म्हनतील, बघा, ह्यांच्या हातचं प्यालं की असं व्हतं. आजवर मनात ठिवलेलं तोंडावर म्हनतील. उद्या आपल्या वस्तीतल्या सोमेशनं चहाची टपरी टाकली तर त्याच्या कपाला कोन तोंड लावंल? माझ्या एका दिसापायी समद्या वस्तीला भोगावं लागंल.

ज्योत्स्ना : मला काय ते सुचलं नसेल? नकाशावर घरांच्या खुणा केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. काल परत येताना एस्टीत तोंडाला ओढणी लावून रडले. तुमचा राग आला, गावाचा आला, लातूरच्या त्या कॉलेजचासुद्धा आला. वाटलं, कारण सापडलं नाही असं लिहावं आणि राजीनामा देऊन टाकावा.

लिंबाजी : मंग?

ज्योत्स्ना : मग सकाळी हा भरलेला टेम्पो आठवला. पळत आले.

लिंबाजी : मला येक सांग. पेशंट मेला तर डॉक्टर म्हनतो, मी लई कोशीस केली, आन् हात धुऊन घरी जातो. तुमचं काय? तुमी कुनाला वाचवलं ते कधी दिसतं तरी का?

ज्योत्स्ना : नाही दिसत. जे आजारीच पडले नाहीत ते कोण, ते आम्हालाही कळत नाही.

लिंबाजी : मंग कशाचं आलंय हे शिक्षान!

ज्योत्स्ना : साहेबांना मी सांगून टाकलंय, तो प्लांट माझ्या वडिलांचा आहे, इथून पुढं मी या चौकशीत नाही. दुपारी त्यांची माणसं येतील, टाळं ठोकतील. त्याच्या आधी तुम्ही स्वतः सांगा, बाबा. गावाला सांगायचं ते मी तुमच्यासोबत भोंगा घेऊन सांगेन. पण सरांना तुम्ही सांगा. त्यांनी आपल्याला कधी परकं केलं नाही.

लिंबाजी : सरांना? न्हाई जमायचं. त्यांच्यापुढं माझी जीभ उचलत न्हाई. तूच सांग, तू शिकली-सवरलेली हाईस.

ज्योत्स्ना : दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल.

(फोन वाजतो. लिंबाजीचे हात ओले आहेत. तो कोपरानं स्पीकर लावतो.)

माधवराव : लिंबाजीराव, मी माधवराव बोलतोय.

लिंबाजी : हां सर. बोला सर. सूनबाई कशी हाय?

माधवराव : गेली हो. पहाटे गेली. बाळही गेलं.

लिंबाजी : आरं द्येवा...

माधवराव : आमचा यज्ञेश तिला घेऊन निघालाय नांदेडहून. दुपारपर्यंत पोचतील. मुदखेडहून व्याही आलेत, तिच्या मावश्या, बहिणी, सगळे आलेत. घर भरून गेलंय. मला काही सुचत नाही, पण आल्यागेल्याला पाणी तरी द्यायला हवं. दहा-बारा जार पाठवून द्या. डॉक्टर म्हणाले, हे पाण्यातून होतं. नळाला मी कुणाला हात लावू देत नाहीये. तुमचंच पाठवा.

ज्योत्स्ना : बाबा.

लिंबाजी : सर, माझं पानी पिऊ नका.

माधवराव : काय म्हणालात?

लिंबाजी : घरात जो जार हाय तो आत्ताच्या आत्ता मोरीत वता. कुनाला देऊ नका.

माधवराव : अहो, आज संकोच कसला करताय? आमच्या घरी तसलं काही पाळत नाहीत. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी तसं...

लिंबाजी : कधीच पाळलं न्हाई सर तुमी. म्हनून तर मला न्हाई म्हनवलं न्हाई. डोहाळजेवनाच्या दिवशी लाईट नव्हती. मशीन बंद व्हती. मी तसंच बोअरचं पानी भरून आनलं तुमच्या मांडवात. त्यात गटाराची घान व्हती, सर. माझ्या लेकीनं शोधून काढलंय. तुमच्या सुनेला मी माझ्या हातानं दिलं. सर, कायतरी बोला. शिव्या द्या. येऊन चपलेनं हाना.

माधवराव : मी तिला दुसरं पाणी पिऊ देत नव्हतो हो. सारखा बजावायचो, बाळंतपण होईपर्यंत बाहेरचं काही पिऊ नकोस, आपल्या लिंबाजीरावांचंच पी. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा सोबत तुमचाच जार दिला होता मी.

लिंबाजी : ज्योत्स्ना, हे घे माय. माझ्यानं न्हाई बोलवत.

ज्योत्स्ना : सर, मी ज्योत्स्ना. मी आणि बाबा येतोय तुमच्याकडं. तुम्ही म्हणाल ते ऐकून घ्यायला येतोय. पण त्याच्या आधी मला एवढं सांगा, सर. आलेल्या पाहुण्यांत कुणी गरोदर आहे का?