बिट्टूले कोण ठेवते?

धंतोलीच्या दवाखान्यात प्रेमलता जीव मुठीत धरून बसली होती. आत तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन चालू होतं. समोर स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्यालाही ऑपरेशनसाठी आत नेणार होते. एक तरुण म्हाताऱ्याचा हात धरून उभा होता.

“मले भेव लागून राहिलं गा, नितेश.”

“डॉक्टर चांगले आहेत, काका.”

“माह्यं नाही गा, बिट्टूचं. मी उठलो नाही, तं माहा पोरगा त्याले शेल्टरमधी टाकून देते.”

“तुमाले हा कुत्रा विकला तेव्हाच मी सांगतलं होतं ना? ठेवणं नाही झालं तं माह्या दुकानात वापस आणा. केव्हाबी.”

“तेव्हा पिल्लू होता. आता आठ वर्षांचा झाला. कोण घेते त्याले?”

“चांगलं घर पाहतो. नाही भेटलं तं आता आहे तसाच माह्या घरी राहते.”

“पिंजऱ्यात नको ठेवू.”

“नाही ठेवत, काका.”

“फटाक्यांले भेते थो. जवळ बसा लागते.”

“बसतो.”

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं. नितेशने घरी बायकोला फोन लावला.

“ऐक वं, बिट्टू जेवला काय? नाही? मंग जवळ बस त्याच्या. मी इथंच थांबतो.”

प्रेमलताने पिशवी उचलून त्याला जागा करून दिली.

“वडील काय तुमचे?”

“नाही जी. गिऱ्हाईक आहेत.”