चार दिवस कापलेला फोन

अमरावतीहून तिवस्याला जाणारी एसटी. माझ्या पुढच्या बाकावर दोघी जावा. थोरली जाब विचारत होती.

"रागिणी, फायनान्सवाल्याचा फोन तू चार दिवस उचललाच नाई?"

"नाई नं बाई. मले वाटलं, हप्त्यासाठी गाडी ओढून न्याले फोन करून राहिला."

"अन् गाडी कुठी होती?"

"तेच तं! हे दवाखान्यात, पायाले प्लास्टर. अपघात झाला तिथं मी गेली, तं गाडीच नाई. कोणी नेली, कोणालेच ठाऊक नाई."

"मंग?"

"क्रेनवाल्यानं तिवस्याच्या यार्डात नेऊन टाकली होती. यार्डवाल्यानं गाडीच्या कागदावर फायनान्सचं नाव पाह्यलं अन् त्याइले कळवलं, गाडी इथं उभी आहे, रोजचं भाडं चढून राहिलं. तेच सांगाले तो मले फोन करे."

"अन् तू कापत राहिली!"

"शेवटी त्यानं मेसेज टाकला. ताई, हप्ता नाई मागत, तुमची गाडी सापडली."

"यार्डवाल्यानं असं कळवाचा कायदा आहे का?"

"मी बी यार्डवाल्याले फोनवर तेच इचारलं. तो म्हणे, कायदा येईल तवा येईल, खबर द्याले काय लागते?"

"भला माणूस. नाई तं गाडीपरीस भाडंच जास्त झालं असतं."

"हो नं."

"तुहा फोन वाजून राहिला पाय. कोण आहे?"

"तोच. फायनान्सवाला."

"कापू नको!"

"आता कावून कापू? हॅलो भाऊ, बोला. बसमंदीच आहो. चाबी माह्या हातातच आहे."