लोट्यातलं मीठ

अतरसिंग : लोटा भरून ठेवलाय बाबा. मीठही खालून घेऊन आलोय, पुडी फोडली सुद्धा. तुम्ही गावचे सयाणे, गाव तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुम्ही एक चिमूट टाकली की अख्ख्या थानाधारची मतं कुंवरसाहेबांना पक्की. एवढ्यासाठी तीन तास चढून आलो.

झालमसिंग : तीन तास का लागले?

अतरसिंग : रस्ता कुठाय?

झालमसिंग : हां. मला वाटलं, गुडघे दुखतात तुझे.

अतरसिंग : चेष्टा करा. पण या वेळी रस्ता होणार. धाकट्या कुंवरसाहेबांनी स्वतः सांगितलंय.

झालमसिंग : सदुसष्ट साली त्यांच्या आजोबांनीही स्वतःच सांगितलं होतं. घोड्यावरून आले. याच ओट्यावर बसून तुपात बुडवून आठ पटांडे खाल्ले. मग माझ्या बापानं लोट्यात मीठ टाकलं. गावानं शब्द मोडला तर या मिठासारखे विरघळून जाऊ, म्हणाला. साहेब निवडून आले. बहात्तरला पुन्हा आले, रस्त्याची मोजणी चाललीय म्हणाले. तेव्हा सहा पटांडे खाल्ले. वय झालं होतं.

अतरसिंग : बाबा, ते जुनं झालं.

झालमसिंग : सत्याहत्तरला बाप नव्हता, मीठ मी टाकलं. तेव्हा सगळा मुलूख साहेबांवर उलटला. मतदारसंघात सगळीकडे आपटले, फक्त थानाधारात जिंकले. ब्याऐंशीला पक्ष बदलला, पंच्याऐंशीला परत जुन्यात गेले. मी विचारलं, साहेब, आमचं मीठ नेमकं कुठल्या पक्षाला? म्हणाले, मीठ माणसाला असतं.

अतरसिंग : खरंच आहे ते.

झालमसिंग : नव्वदला मुलाला उभं केलं. तेव्हा म्हणाले, मीठ घराण्याला असतं.

कलमी : आणि कोनशिला सांगा की, मामंजी. मी या घरात सून म्हणून आले त्याच साली पहिली बसली, खाली नाल्यापाशी. आता तीन झाल्यात. एकीवर बायका धुणं आपटतात, दुसरीवर आलं वाळतं. तिसरी नवी आहे, तिच्यावर अजून नाव वाचता येतं.

अतरसिंग : वहिनी, तुम्ही चुलीपाशी बसा. हे गावाचं बोलणं आहे.

कलमी : चुलीपाशीच बसलेय. आवाज मोठा आहे माझा.

झालमसिंग : एक विचारू, अतर? रस्ता देतो म्हणून तुझ्या साहेबांनी टाकली एक चिमूट तर?

अतरसिंग : साहेब कसे टाकतील? आमदाराची शपथ विधानसभेत असते.

झालमसिंग : तिथं मीठ नसतं वाटतं.

अतरसिंग : बाबा, फिरवाफिरवी पुरे. बाकीच्या गावांनी मीठ टाकलंय. तुमचंच राहिलं. अठ्ठ्याण्णवला काय झालं ते मी बोलायचं नाही ठरवलं होतं.

कलमी : बोला ना. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी येऊन बोलतंच.

अतरसिंग : मग ऐका. तुम्ही मीठ टाकलंत, तरी आपल्या पेटीत दोनशे अकरा मतं कुंवरसाहेबांची आणि एक विरोधातल्या धनीराम मास्तरचं निघालं. सुंदर त्या मास्तरच्या मागं मागं फिरायचा, साऱ्यांना ठाऊक होतं. मार्गशीर्षात आल्याचं पोतं पाठीवर घेऊन उतरताना तो कड्यावरून गेला. मीठ कोणाला सोडत नाही, बाबा. तुमच्या पोरालाही सोडलं नाही.

कलमी : कड्यावरून पडला तेव्हा जिवंत होता तो. खाटेवर घालून चौघांनी खाली नेला. नाल्याशी पोचायच्या आत संपला. रस्ता असता तर दवाखान्यात गेला असता. याला तुम्ही मीठ म्हणता?

अतरसिंग : गाव म्हणतं, वहिनी. मी नाही.

कलमी : गाव तर म्हणतंच. चोवीस वर्षं मी देवळाच्या पायरीखाली उभी राहते. माझ्या हातचा प्रसाद कोणी घेत नाही. शपथ मोडणाऱ्याची बायको म्हणून. आणि त्यानं मोडली नव्हती. मत देऊन आला त्या संध्याकाळी मला म्हणाला, मन मास्तरकडे होतं, पण बापानं मीठ टाकलंय, हात तिकडं गेलाच नाही. हे मी सांगितलं तर म्हणाले, नवऱ्याची बाजू घेते.

अतरसिंग : मग ते एक मत आकाशातून पडलं?

झालमसिंग : माझं होतं.

(कलमी चुलीजवळून उठून दारात येते.)

अतरसिंग : काय म्हणालात?

झालमसिंग : मास्तरला मी दिलं. एकवीस वर्षं त्या घराण्याला मीठ घालून हाताला खाज सुटली होती. आत पडदा होता, कोणी बघत नव्हतं. वाटलं, एकदा तरी आपल्या मनासारखं करावं. ज्यानं मीठ टाकलं त्यानंच मोडलं, अतर. आणि ज्यानं पाळलं तो कड्यावरून गेला. मी एक्याऐंशीचा आहे. बघ, कुठं विरघळलोय.

कलमी : मामंजी.

झालमसिंग : भ्यालो गं. आधी वाटलं, मीच पोराला मारलं. मग वाटलं, सांगितलं तर गाव घरात राहू देणार नाही. मग वर्षं गेली.

कलमी : माझी गेली. तुमची नाही. तुम्ही दर निवडणुकीला ओट्यावर बसून मीठ टाकलंत. गावानं तुम्हाला पाटावर बसवलं आणि मला पायरीखाली. माझ्याच हातची भाकरी खाऊन गप्प बसलात. कुंवर परवडले, त्यांनी निदान आठ पटांडे खाऊन घोडा तरी वळवला.

अतरसिंग : हे बघा, घरचं घरात ठेवा. बाहेर गेलं तर मिठाला कोण मानेल? सगळ्या डोंगरातला आमचा हिशोब कोलमडेल.

कलमी : उद्या गावाची बैठक आहे ना?

अतरसिंग : आहे. तिथं बाबांनी फक्त मीठ टाकल्याचं सांगायचं.

कलमी : सांगतील. मामंजी, हा लोटा घ्या. आत्ता बोललात ते उद्या बैठकीत, सगळ्यांसमोर, सुंदरचं नाव घेऊन सांगाल, अशी शपथ घ्या.

अतरसिंग : अहो, तो लोटा कुंवरसाहेबांसाठी भरलाय.

झालमसिंग : सरक, अतर. पुडी इकडं दे. कलमी, घेतो शपथ. ही बघ चिमूट.

कलमी : चिमूट नकोच, मामंजी. मूठ भरून टाका.