सही जुळंना

न्हाय न्हाय, आदी बसा पावणं, सही काय पळून जाती व्हय? विद्याश्रीनं पाठवलंय म्हणालात न्हवं, मग घरचंच की तुमी. तिनं मुंबईत आदीच केलीय वाटतं ह्यावर — दावा बघू. हां, तिचीच. अक्षर बापाचं घेतलंय. आता माझी तेवढी ऱ्हायली — करती की, पर च्या घ्या पयला. काठोकाठ भरलाय कप, थेंब सांडला न्हाय बघा. ह्या वयात बी सुईत दोरा मी एका दमात ववती.

रोज बोलता तिच्यासंगं? बरं हाय. काय म्हणालात — चष्मा लागलाय? मला न्हाय म्हाईत. फोनवर चष्मा कुठं दिसतोय. गल्लीतल्या बाया इचारत्यात, लेक वकील हाय तर मग कोर्टात का जात न्हाय? आता त्यास्नी काय सांगू — कंप्युटरवर शेअर घ्याय-इकायच्या नव्या कंपन्या निघाल्यात, त्यास्नी कायद्यात कसं बसवायचं ती सांगती. परवानग्या, नियम, सगळं तिच्या हाताखालनं जातंय. हितल्याच लॉ कॉलेजातली पोरगी, मालक लोक तिला इचारल्याबिगर पाऊल टाकत न्हाईत. मला अभिमान हाय. लई हाय.

तिचं अप्पा गुळाच्या पेढीवर दिवाणजी. ती मुंबईला वकिलीला लागली, तिच्या नादानं ह्यांनी बी थोडं थोडं शेअर घेतलं — तवा शेअर म्हंजी कागद असायचा, रंगीत, नोटंसारखा. सगळं दोघांच्या नावावर, बाप आन लेक. इकायचं झालं की दोघांच्या सह्या लागायच्या. कागद कंपनीकडं जायाचा आन हप्ता-पंधरवड्यानं माघारी यायचा — रुद्रय्या ह्यांची सही जुळत न्हाय. मग ती यायची मुंबईहनं, चिडून. "अप्पा, परत?" त्यास्नी बँकेत न्यायची, म्यानेजरच्या म्होरं सही करून, शिक्का मारून आणायची. येताना दोघं गंगावेशीत थांबायची, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची, आन घरी येऊन ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपायची, दुपार कलंस्तवर. मी आपली म्हणायची, ह्यांचा हात म्हातारा झाला. पर तसं कसं — पेढीवर रोज गुळाच्या पट्ट्यांवर, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या कागदांवर, सह्या करायचं हे, छापल्यासारख्या एकसारख्या. तितं कशी चुकत न्हवती? एकदा मी शेजारीच बसलेली. ह्यांनी सही केली आन शेवटचा काना मुद्दाम वाकडा वडला. माझ्याकडं बघितलं, हसलं. म्हणलं, "बसव्वा, पोरगी येईल की आता."

कुणाला बोलली न्हवती मी हे. तुमी बी बोलू नगा तिच्यापाशी.

मग एका दिवाळीला ती आली, लई खुशीत. "अव्वा, अप्पा, आता कागदच राहणार नाही. सगळं कंप्युटरवर. सही जुळवायची भानगड नाही, कुणाला कुठं जायला नको." ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणलं, शाणी माझी बाय. आन चपला घालून भायेर गेलं. जेवाय आलं तवा डोळं लाल हुतं — मी म्हटलं चुलीचा धूर गेला का काय, तर आमच्यात चूल कुठं, गॅस हाय. एकेक करून सगळं कागद तिनं कंप्युटरात घातलं. आन मग यायचं काय कारण ऱ्हायलं? दिवाळीला फोन, पाडव्याला फोन. वाईट न्हाय ओ ती, कामच तसं हाय. मी गेलती एकदा तिच्याकडं — ती दिसभर हापिसात आन मी खिडकीत. गेल्या वर्सी हे गेलं. मातीला पोचली ती, तेवढं बरं झालं. दुसऱ्या दिशी माघारी, कुठल्या तरी कंपनीची परवानगी अडकलीती. मला लई आठवण येती ओ तिची. त्यांची येती त्यापरीस बी जास्त, खोटं कशाला बोलू — ते तर गेलं, ही हाय की.

ह्यो शेवटचा कागद. ह्यो तेवढा ह्यांनी माझ्या आन तिच्या नावावर घेतलाता. म्हणायचं, ह्यो इकायचा न्हाय, कंप्युटरात बी घालायचा न्हाय. आता तिच्या ध्यानात आला आसंल, म्हणून तुमास्नी धाडलं, अव्वाला तरास नको म्हणून. खरंच तेवढ्याचसाठी. तिला कसं कळावं?

द्या पेन. कुठं, हितं? माझी सही सोपी हाय. तिनंच शिकवली, शाळंत जायाला लागली तवा, पाटीवर हात धरून. ब… स… व्वा.

झालं. का ओ, बघताय काय? कंपनीकडं हाय त्या पयल्या सहीसारखी न्हाय? काना वाकडा गेला? वय झालं पावणं, हात थरथरतुय. दुसऱ्यांदा न्हाय आता. तिला सांगा, अव्वाची सही जुळत न्हाय, बँकेत न्ह्यायला कुणीतरी पायजे.

उठा, एस्टी चुकंल तुमची.