जिन्यापाशी लावलेला फोटो

अरे, ऐका तर! आज सकाळी इथे फ्रान्समध्ये, सोम्यूर गावात, पावाच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या, आणि त्यांचं हे असं चाललेलं:

"सुनेनं माझ्या सत्तरीला गुहेतल्या त्या महागड्या हॉटेलात खोली घेतलीय, मिरेय. गुहा कुठली माहितीय? आपली!"

"आपण लहानपणी राहायचो ती?"

"तीच गं! बाबांची वाइनची पिंपं होती तिथे आता पोहायचा तलाव. आणि शेळ्या बांधायचो तिथे माझा पलंग!"

"अगं बाई! सुनेला ठाऊक नाही?"

"कसं असेल? माझ्या लग्नात मी सांगितलं होतं, आमचं गावात दुमजली घर आहे. नवरा गेला तोही तेच खरं धरून."

"मग आता सांगून टाक ना, ताई. लोक हौसेनं राहतात तिथे."

"सांगणारच होते. तर हॉटेलात शिरताच जिन्यापाशी आपलाच जुना फोटो! तू, मी, आई. तिघी अनवाणी."

"सून काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बिचाऱ्या! कशा राहत असतील हो, आई?'"

"आणि तू?"

"मी म्हटलं, 'खरंच गं, बिचाऱ्या.' का म्हटलं, मलाच कळत नाहीये."

"जाऊ दे, ताई."

"जाऊ दे कसं? आता पाव घेऊन परत त्या जिन्यापाशी आईच्या समोरूनच जायचंय मला."