आक्काची खानेसुमारी

माझं नाव तुळसा. माहेर खानापूरच्या अंगाला, रानाच्या कडेला, भाताचं गाव. जलमसाल इचाराल तर ते काय मला सांगता यायचं न्हाय. प्लेगात समदं गाव उठून माळाला झोपड्या टाकून ऱ्हायलतं, त्यातल्याच एका झोपडीत माझा जलम झाला, येवढं आई सांगायची. आन् काय सांगू तुमाला, त्या प्लेगापासनं आमच्या मानसांना सरकारी मानसाचं लई भ्या. वही घिऊन कोन पायवाटेनं येताना दिसला की बापय मानसं रानात जायाची आन् बाया दार लावून घ्यायच्या, कारन त्या वक्ताला वहीवाला आला म्हंजे घरातला आजारी उचलून न्ह्यायलाच आला, आसं झालतं. मी सात-आठ वर्सांची आसताना गावात खानेसुमारी आली, सरकारची मानसं मोजायची. आईनं मला आन् धाकटीला भाताच्या कणगीमागं बसवलं आन् दारात जाऊन सांगितलं, मला पोरंच न्हाईत. आमच्यात पोरं मोजत न्हाईत, मोजली की दिष्ट लागती. आमी दोघी कणगीमागं गप बसून तोंडात पदर कोंबून हसत हुतो.

तेरा वर्साची झाले तवा लगीन करून ह्या गावात आले, चिकोडीपासनं कोसभर. सासर विणकराचं. माझं हात भाताच्या चिखलातलं, हितं सुतात आलं. घरात खड्ड्यातला माग, सासरा विणायचा, त्यो गेल्यावर आमचं मालक विणाय लागलं. निपानीचा येपारी सूत द्यायचा आन् लुगडी न्ह्यायचा. आमी बायांनी सूत उकलायचं, त्याला पिठाची खळ लावायची, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या रहाटावर भरायच्या. पन मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय सोडायचा न्हाय, आसा ह्या घरचा रिवाज. का म्हनून इचारायची सोय न्हवती.

घरात माझी नणंद, कृष्णाक्का, मालकांची थोरली भन. समदी आळी तिला आक्का म्हनायची, मी बी आक्काच म्हनायची. तिचा नवरा रेल्वेत लागला मिरजेकडं, तिथं त्यानं दुसरी केली. सासरच्यांनी दोन वर्सं वाट बघितल्यागत केलं आन् एक दिवस हिला बैलगाडीत बसवून हितं आनून सोडलं. मी लगीन होऊन आले तवा ती हितंच हुती. पन मानूस कसं हुतं म्हनाल तर, रडताना मी तिला कधी बघितली न्हाय. पहाटं उठून खळ शिजवायची, दोन्ही लेकींच्या वक्ताला माझी बाळंतपणं तिनं केली, आन् तोंडानं सारखी काय तरी बोलत ऱ्हायची, हसत ऱ्हायची. गावातलं लोक माघारी तिला म्हनायचं, दत्तूची भन. दत्तू म्हंजे आमचं मालक, मी नाव घेतलं, आता हाय काय, म्हातारी झाले.

तर ती मिठाची चळवळ झाली बघा, तिच्या फुडल्या सालची गोष्ट. मालक चळवळीत गेलतं. पांढरी टोपी घातली, सकाळच्या फेरीला जायाचं, गानी म्हनायचं. निपानीसनं एक वकील यायचं, देवळाच्या पायरीवर हुबं ऱ्हाऊन बोलायचं. त्येंनी सांगितलं, आता खानेसुमारी येनार हाय, राज्य परक्याचं हाय, त्याला आपली डोकी मोजून द्यायची न्हाईत, आपन काय त्याची गुरं हाव का. मानसांनी टाळ्या वाजवल्या. मालक घरला आलं ते त्याच भरात. त्या आठवड्यात कोतवालानं खानेसुमारीसाठी डांबरानं दारावर घराचा आकडा घातलेला, त्यो मालकांनी राखंनं घासून घासून काढला, लाकूड पांढरं पडंपतोर. आळीत आनखी चार घरांनी तसंच केलं.

आक्का उंबऱ्यात बसून बघत हुती. म्हनली, दत्ता, आकडा कशाला पुसतोस रं. मालक म्हनलं, आक्का, आपन काय त्येंची गुरं हाव का. आक्का म्हनली, गुराख्याला बी हर एक गाईचं नाव ठाऊक आसतंय, मला ह्या गावात परत येऊन आवंदा वीस वर्सं झाली, माझं नाव कोन घेतंय सांग. मालक म्हनलं, तुला राज्याचं काय कळतंय. ती म्हनली, न्हाय कळत, आन् आत गेली. दोन दिवस भावाभनीचं बोलनं बंद. माझी तर लई आबदा, ह्याचा निरोप तिला, तिचा निरोप ह्येंना.

एक गोष्ट तुमाला सांगते, तवा ती फकस्त मला ठाऊक हुती. मालक सकाळच्या फेरीला गेलं की आक्का मागाच्या खड्ड्यात उतरायची. मी दारात राखन बसायची. चार बोटं विणायची, फेरीची गानी लांबनं ऐकाय आली की वर यायची, पदर सावरून खळ ढवळत बसायची. आसं वर्सभर चाललं हुतं. वीस वर्सं बघून बघून शिकलेली, कुनी शिकवलं न्हाय.

मग गोपाळ मास्तर आलं. आमच्या शाळंचं मास्तर, गरीब मानूस, ह्या कामाचा त्येंना पगार बी न्हवता, न्हाय म्हनायची सोय बी न्हवती. काखंत कागदाची गुंडाळी, हातात दौत. दुपार भरलेली. दारावरचा पांढरा डाग बघितला आन् न बोलता जोत्यावर बसलं. मालक मागावर. म्हनलं, मास्तर, तुमच्यावर माझा राग न्हाय, गूळपानी घ्या, पान खावा, पन नाव मागू नका, ह्या खानेसुमारीत मी एक सबूद बी सांगनार न्हाय, मारुतीपुढं शपथ घेतलीया. मास्तर म्हनलं, दत्तू, मी तरी काय करू, कोरा कागद न्हेला तर माझी नोकरी जाईल. मालकांनी मान खाली घातली आन् धोटा मारला. खटक खटक, माग चालू.

तवर आतनं आक्का आली. हात कोपरापतोर खळीनं भरलेलं. म्हनली, मास्तर, ह्याचं ऱ्हाऊ दे, ह्याची शपथ हाय, माझी काय शपथ न्हाय, माझं लिव्हा.

मास्तरांनी मालकांकडं बघितलं. माग चालूच. मास्तरांनी टाक बुडवला. नाव काय. कृष्णाबाई. लगीन झालंय का विधवा. आक्का थोडी थांबली. म्हनली, तुमच्या कागदात काय काय हाय. मास्तर म्हनलं, लगीन न झालेली, झालेली आन् विधवा, तीनच. आक्का म्हनली, टाकलेली न्हाय का. मास्तर म्हनलं, न्हाय. मग झालेली लिव्हा, ती म्हनली, त्यो जित्ता हाय आसं ऐकते, जित्या मानसाला मारू कशाला. मास्तरांनी लिव्हलं. मग इचारलं, काम काय करता, का भावाच्या आश्रयाला लिव्हू.

आक्का म्हनली, विणकर लिव्हा. मागावर विणते.

माग थांबला. काय सांगू तुमाला, त्या घरात भर दुपारी माग थांबलेला मी पयल्यांदा बघितला. मालकांनी वळून भनीकडं बघितलं. तोंड उघडलं. आन् मिटलं. कारन एक सबूद बी सांगनार न्हाय म्हनून शपथ घेतलेली, आता ही खोटं बोलतीया म्हनून सांगायचं तरी कसं, ते बी खानेसुमारीत सांगितल्यागतच झालं की. मास्तर वाट बघत ऱ्हायलं. मग त्येंनी लिव्हलं, विणकर, आन् आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग मला इचारलं, तुमी कमावता का पोसलेल्या. आता हे कुनी मला कधी इचारलं हुतं. मी मालकांच्या पाठीकडं बघितलं आन् म्हनले, मी कांड्या भरते, कांडी न्हाय तर धोटा रिकामा, आता तुमीच काय ते ठरवा. मास्तर हसलं आन् त्येंनी काय तरी लिव्हलं, काय ते मी इचारलं न्हाय. भावाचं नाव मात्र आक्कानं सांगितलं न्हाय. म्हनली, त्याचं त्यो बघंल, त्याची शपथ मी कशाला मोडू. मास्तर म्हनलं, त्याचं मला ठाऊक हाय, मी त्याला शाळंत शिकिवलंय, आन् गुंडाळी काखंत मारून गेलं.

आकडं पुसल्याची वर्दी कुनी दिली कळलं न्हाय. चिकोडीसनं साहेब आला. पाची घरच्या बापयांना न्हेलं, दंड सांगितला. मालक म्हनलं, भरनार न्हाय. मग बेळगावला जेल, एक महिना. जाताना उंबऱ्यात आक्काच्या पाया पडलं. तिनं डोक्यावर हात ठेवला. मी मात्र लई रडले.

मागावर निपानीच्या येपाऱ्याचं लगनाचं लुगडं आर्धं झालेलं. नवरीचं, हिरव्या अंगाचं, तांबड्या काठाचं. लगीन बारा दिसांवर. सांजच्याला आक्कानं खळीचं हात धुतलं, केस घट्ट बांधलं, आन् दार उघडं ठेवून, समद्यांच्या देखत, खड्ड्यात उतरली. मी म्हनले, आक्का, दार लावू का. ती म्हनली, कशाला, सरकारात लिव्हलंय की माझं काम.

आळीत बोभाटा झाला. बाया ईळभर दारात. शेजारचा म्हातारा विणकर बाळाप्पा आला, म्हनला, कृष्णे, हे पाप हाय, पुरसाच्या जाग्यावर बसलीस. आक्का म्हनली, बाळाप्पा, हातात घिऊन बघा, खोट आसंल तर माझ्या हातानं उसवते. म्हातारा वाकला, कापडावरनं अंगठा फिरवला, काठ उजेडाला धरून बघितला. बराच येळ बघितला. मग म्हनला, पदराला आलीस की सांग, पदराची जोडनी अवघड आसती, मी दाखिवतो. आन् रोज सांजच्याला यायला लागला, खड्ड्याच्या काठाला बसून सांगायचा, असं न्हाय गं, तसं. दहाव्या दिवशी लुगडं उतरलं. येपाऱ्यानं नेलं. कुनी विणलं त्यानं इचारलं न्हाय, आमी बी सांगितलं न्हाय.

मालक सुटून आलं, वाळून काटकी झालतं. आंघोळ केली, भाकरी खाल्ली, आन् मागाजवळ जाऊन बसलं. मागावर दुसरं लुगडं हुतं. त्येंनी त्यावर हात ठेवला. मी आन् आक्का चुलीपाशी, आमचा जीव टांगलेला. मालक म्हनलं, आक्का, मला ठाऊक हुतं. आक्का म्हनली, काय ठाऊक हुतं रं. म्हनलं, वर्सभर रोज सकाळी चार बोटं कापड जास्त भरायचं, आन् ती चार बोटं माझ्या विणीपरास घट्ट, हाताला कळायचं की, मास्तरांफुडं तू खोटं बोलली न्हाईस. मग म्हनलं, आन् मी बी खोटं बोललो न्हाय, गप ऱ्हायलो. तवा ती दोघं हसली. आन् बघा, त्या हसन्यात तिच्या डोळ्याला पानी आलं. तेवढं एकदाच.

मग काय, दुसरा माग घातला. आक्कानं माझ्या थोरलीला शिकिवलं, आळीतल्या दोघी शिकल्या. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिसांत सूत मिळंना, हाल काढलं, पन मोडलो न्हाय. त्याच लढाईत फुडली खानेसुमारी आली. ह्या वक्ताला मराठीवालं येऊन सांगून गेलं मराठी लिव्हा, कानडीवालं येऊन सांगून गेलं कानडी लिव्हा. मी म्हनले, घरात मराठी बोलतो, बाजारात कानडी, हाय ते लिव्हा. आन् मालकांनी हुबं ऱ्हाऊन समदं सांगितलं, आपलं नाव, माझं नाव, वय, काम, इचारंल ते. ह्या वक्ताला शपथ न्हाय का म्हनून मी इचारलं. तर म्हनलं, घरचं दार कुनासाठी लावायचं आन् कुनासाठी उघडायचं, ते येळ बघून ठरवायचं आसतंय.

आता राज्य आपलं झालं. आवंदा श्रावणात शाळंवर झेंडा चढला, मालक गेलतं, आक्का गेलती, मी ढेकळागत पाय सुजले म्हनून घरीच, पन गानं हितवर ऐकाय आलं. परवा निपानीच्या त्या वकिलांनी पाठिवलेला मानूस म्हनत हुता, आता आपलं सरकार मोजदाद करनार. मी मालकांना इचारलं, व्हय ओ, खरं सांगा, त्या मिठाच्या वक्ताला न देनं बरोबर, का आता देनं बरोबर. मालक म्हनलं, तवा न देनं बरोबर हुतं, आन् आता न देनं चूक. आक्का तिकडनं धोटा हातात धरून म्हनली, मला तर दोन्ही येळंला देनंच बरोबर वाटलं बाबा. आन् ती परत विणाय लागली.

मालकांस्नी आता बारीक दिसत न्हाय, पन जेवन ग्वाड लागतं. लेकी आपापल्या घरी सुखात हाईत. मला काय कमी हाय. तुमी येवढं लांबनं आला, बसून ऐकलं, लिव्हून घेतलं, देव तुमचं भलं करो. जाताना आक्काला हाक मारून जावा, नाव घिऊन मारा, कृष्णाबाई म्हना. मागाचा आवाज हाय, जरा मोठ्यानं म्हना.