बदकाला चालणारं मोडेम

नका, नका, तो रुमाल उचलू नका... अवो धूळ बसंल म्हणून झाकलंय, बिघडलंय म्हणून न्हाई! नेकनूरातलं हरेक माणूस दुकानात शिरलं की तेल-साखर राहिली बाजूला, आधी हेच इचारतंय, "रुद्रप्पा, कावून झाकलंय? चालत न्हाई का?" चालतंय! सगळं चालतंय! तराजूच्या शेजारी ठिवलंय म्हणून त्याला वजनाचा काटा समजू नका, कॉम्प्युटर हाय तो, कॉम्प्युटर, आन त्याच्यापायी मी जेवढ्या बीडच्या यष्ट्या धरल्या ना, तेवढ्या कोर्टाच्या तारखांना जाणारा माणूसबी धरत नसंल.

तुमाला सांगतो, ही सगळी माझ्या लेकीची करणी. अपेक्षा. एकुलती एक. रोज यष्टीनं बीडला जाऊन-येऊन कॉम्प्युटरची बीएस्सी झाली. झाली ती झाली, कॉलेजातून तिची पुण्याच्या कुठल्या मंडळींशी वळख झाली. ती मंडळी काय करायलीत? तर कॉम्प्युटरला मराठी शिकवायलीत! म्हंजे त्याच्यावर जिथं 'ओपन', 'क्लोज' असं येतंय, तिथं 'उघडा', 'बंद करा' लिहायचं. आन त्याचा पगार! मी म्हणलो, "बाई, 'उघडा' आन 'बंद करा' लिहायला पुण्याला कावून जायचं? आपल्या शटरवर लिही की!" तर हसली. म्हणली, "बाबा, घरूनबी करता येतंय. कॉम्प्युटर पायजे, आन मोडेम पायजे." मोडेम म्हंजे काय, तर कॉम्प्युटरचं म्हणणं फोनच्या तारेतून पल्याड पोचवायचं यंत्र. "दसऱ्यापस्तोर जमलं तर मी हितंच बसून काम करीन, न्हाई जमलं तर पुण्याला होस्टेलवर जाईन." बास! ठरलं! मी म्हणलो, जमणार न्हाई म्हंजे काय? मला लेक घरात पायजे व्हती. सरळ सांगतो, त्यात लाज कसली? सकाळी मी शटर वर केलं की ती चहा घेऊन येती, पेपर वाचता वाचता माझ्याशी भांडती, आन तिच्या त्या भांडणाशिवाय माझा दिवस सुरूच होत न्हाई.

मग गेलो बीडला. त्या साली बीडात गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघालते, पिठाच्या गिरण्या कमी आन क्लास जास्त! स्टँडामागं एक केदारनाथ म्हणून गडी, सोताच्या लेकीच्या नावानं 'ईश्वरी कॉम्प्युटर्स' टाकलेलं. आपल्याच समाजाचा, कपाळाला भस्म, तोंडात साखर. "या काका! चालतंय की! हे मशीन घ्या, ह्याच्यात विंडोज फुकट टाकून देतो." फुकट म्हणल्यावर किराणा दुकानदाराच्या कानात घंटी वाजती बघा. मी म्हणलो, "फुकट कसं काय?" तर अपेक्षा माझ्या कानाशी म्हणती, "बाबा, चोरून टाकत्यात." केदारनाथ म्हणतो, "ताई, बीडात सगळेच तसं टाकत्यात!" तिनं त्याच्याशी वाद घातला न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "बाबा, टाकू द्या की. फक्त घरी गेल्यावर आपल्या दुकानातली ती 'मापात पाप नाही' पाटी तेवढी उतरवा."

आता बोला! आज्यानं लावलेली पाटी! गळ्यात इष्टलिंग, डोक्यावर पाटी, आन पुढ्यात चोरीचा माल? काय करता? म्हणलो, नको ते फुकटचं विंडोज. मग तिनं पिशवीतून एक तबकडी काढली. लिनक्स. कुठल्याशा मासिकाबरोबर आलती. ती म्हणली, हे बिनचोरीचं हाय, हजार लोकांनी मिळून केलेलं, कुणीबी घ्यावं, कुणीबी वाटावं. म्हणलो, भंडाऱ्याच्या पंगतीसारखं? म्हणली, अगदी तसंच. तबकडीवर एक पोट सुटलेलं पाखरू छापलेलं. ती म्हणली पेंग्विन. आमची गंगासागर, म्हंजे हिची आई, ती घरी बघून म्हणली, "बदक दिसतंय." तवापासून आमच्या घरात लिनक्सला बदकच म्हणत्यात.

केदारनाथला दुकानातच इचारलं व्हतं, बदकावर चालंल का सगळं? "चालतंय की काका! न चालायला काय झालं!" आणलं टेंपोत घालून. गंगासागरनं हळद-कुंकू वाहिलं, भस्माची बोटं ओढली, नारळ फोडला, निम्मं पाणी मशीनवर जाता जाता वाचलं. अपेक्षानं बदक सोडलं. पडदा लागला, अक्षरं आली, उंदीर पळाला... आन मोडेम? मशीनच्या पोटात कार्ड बसवून दिलेलं ते मोडेम गप! मुकं! नवीन सून पहिल्या दिवशी बसती तसं, बोलंना, हूं करंना.

गेलो परत. केदारनाथ म्हणतो, "काका, मोडेम एकदम ओके हाय. विंडोजवर लावून दाखवू?" लावलं, तर पोपटावाणी बोलायलं! "बघा! सगळं चालतंय, फक्त बदकावर न्हाई." दुसरं दिलं. तेबी घरी येऊन मुकं. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथला गडीबी तसाच. "काका, प्रिंटर घ्या, स्कॅनर घ्या, आवाजाचं कार्ड घ्या, सगळं चालतंय, फक्त लिनक्सवर न्हाई!" आरं मग सगळं म्हंजे काय? चप्पल इकताना कुणी म्हणतंय का, लई मजबूत हाय, फक्त तुमच्या पायात न्हाई?

अपेक्षाला म्हणलो, बाई, ह्या कार्डांना झालंय तरी काय? ती म्हणती, "बाबा, स्वस्तातल्या ह्या मोडेमला सोताचं डोकं नसतंय. निम्मं काम विंडोजकडून करून घेतंय. बाहेरच्या डब्याचं मोडेम असतंय, त्याला सोताचं डोकं असतंय, ते कुणाबरोबरबी चालतंय. पण ते महाग, आन बीडात मिळंना झालंय." मी म्हणलो, म्हंजे हा घरजावई निघाला की! सासऱ्याच्या घरात फाकडा, बाहेर काढला की मुका. ती हसली, पण मग खिडकीतून यष्टीकडं बघत बसली. दसरा जवळ आलता.

आता हितं आमचे विठ्ठलराव आले. विठ्ठलराव म्हंजे आमच्या नेकनूरच्या बैलबाजारातले जुने दलाल, बैलाच्या दातावरून त्याचं वय सांगणारे, आन रोज माझ्या बाकड्यावर बसून फुकटचा चहा पिणारे. सगळं ऐकलं, बशी खाली ठिवली, आन म्हणले, "रुद्रप्पा, तू बैल घरी आणून मग जुंपतोस व्हय बे? बाजारातच जुंपून बघायचं असतंय! माती तुडवून दाखिव म्हणायचं, मग दाव्याला हात लावायचा. चल, मी येतो. घे तुझं ते मशीन टेंपोत."

तुमाला सांगतो, जे झालं ते ईश्वरी कॉम्प्युटर्सनं कधी बघितलं नसंल. विठ्ठलराव दुकानात शिरले, खांद्यावर उपरणं, हातात काठी. दुकानातल्या मशीनच्या मागं वाकून बघितलं. "दात तर सगळे दिसत्यात." केदारनाथ म्हणला, "काका, ते सॉकेट हायत." "आसंल. जुंपून दाखिव." मग आमचं मशीन मेजावर, अपेक्षाचं बदक त्याच्यात, दुकानाची फोनची तार त्याच्या पाठीत, आन एकेक कार्ड लावायचं, काढायचं, लावायचं, काढायचं... सगळी मुकी! विठ्ठलराव दर मुक्या कार्डाला म्हणायचे, "बसकं निघालं. दुसरं आण." गिऱ्हाईकं दारात थांबून बघायलेली. केदारनाथचं भस्म घामानं नाकावर आलतं.

शेवटी कार्डं संपली. केदारनाथ हात जोडून म्हणला, "काका, सगळं चालतंय, फक्त..." विठ्ठलराव म्हणले, "'फक्त' ऐकायला आलो न्हाई मी. बरं, मोडेम न्हाई तर न्हाई. दावं कुठंय?" "दावं?" "बैल इकला तर दाव्यासकट द्यावा लागतोय. ह्यानं तुझ्याकडून मशीन नेलं, दावं दिलंस का?" "अवो काका, कॉम्प्युटरला दावं नसतंय!" "मग दाव्याच्या बदल्यात कायतरी दे. रिकाम्या हातानं बाजारातून परतायचं नसतंय." म्हणत त्यांनी केदारनाथचा हात उपरण्याखाली घेतला. बैलबाजारात भाव तसाच होतो बघा, तोंडानं न्हाई, फडक्याखाली बोटं दाबून, चार लोकांना कळायला नको म्हणून. पण केदारनाथ पडला कॉम्प्युटरवाला, त्याला कुठली येतीय ती बोटांची भाषा? गुदगुल्या व्हायल्या त्याला! "काका... सोडा... हीहीही... काका... घ्या, काय पायजे ते घ्या!"

विठ्ठलरावांनी दुकानभर नजर फिरवली. कोपऱ्यात महादेवाचा फोटो, त्याच्यापुढं एक चपटा पांढरट डबा, त्याच्यावर उदबत्तीचं घर. "तो डबा दे. घरी आमच्या हिला पानाचा डबा करायला व्हईल." केदारनाथ म्हणला, "न्या, न्या! तो कुण्या हापिसातून भंगारात आलाय, कितीक दिवस पडून हाय." आन डबा उचलल्या उचलल्या अपेक्षा वरडली, "बाबाऽऽ!" मला वाटलं इंचू निघाला! तर डब्याच्या पाठीला फोनच्या तारेचं भोक, आन फुडून राखेखाली दिव्यांची रांग. सोताच्या डोक्याचं मोडेम, राजेहो! महादेवापुढं राख खात बसलेलं!

लावलं. लाल दिवे लागले. बदकानं साद घातली, आन डबा बोलला! टीं... टीं... खर्रर्र... घोंऽऽ... अवो असा आवाज, की दारातली गिऱ्हाईकं दोन पावलं मागं सरकली. विठ्ठलरावांनी काठी आपटली, "हाय! चाल हाय!" केदारनाथ म्हणला, "काका, मी म्हणलो व्हतो ना, चालतंय?" ह्याला म्हणत्यात धंदा!

घरी आलो. गंगासागरनं पुन्हा हळद-कुंकू, पुन्हा भस्म. नारळ मात्र मी अंगणात फोडायला लावला. आन दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी अपेक्षाचं पहिलं काम आमच्या दुकानाच्या फोनवरून पुण्याला पोचलं. मी तर गावभर सांगत फिरलो. फोन तासंतास गुंतलेला, ठोक व्यापारी बोंबलायले, "रुद्रप्पा मेला का काय, फोन लागंना!" बोंबला! माझी लेक घरात व्हती. सकाळी चहा व्हता, पेपर व्हता, भांडण व्हतं. आन काय पायजे माणसाला?

महिनाभर असं चाललं. मग एका सकाळी ती चहा घेऊन आली आन भांडलीच न्हाई. मी म्हणलो, काय झालं गं? म्हणली, "बाबा, पत्र आलंय. कॉम्प्युटरवर." माझ्याकडूनच वाचून घेतलं. पुण्याच्या मंडळींचं. मराठीतच लिहिलतं, सगळं कळंल असं. लिहिलतं की तुमचं काम सगळ्यात सरस हाय, बाकीच्यांना शिकवायला तुमीच पायजे, हितं येऊन सगळं सांभाळा. आता बघा, ते पत्र आणलं कुणी? मोडेमनं! मोडेम आणलं कुणी? मी! लेकीला घरात ठिवायला म्हणून टेंपो करून आणलेलं मोडेम, त्यानंच तिला पुण्याचं बोलावणं आणलं!

"बाबा, जाऊ?" म्हणली. मी म्हणलो आसतो, नको. माझ्या जिभेवर आलतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं, आन वर पाटी... मापात पाप न्हाई म्हणतो आमी, मग तिच्या मापात कसं करू? म्हणलो, जा. आन आत जाऊन तुरीच्या डाळीचं पोतं उगीचच हिकडचं तिकडं केलं. विठ्ठलराव म्हणले, "रुद्रप्पा, गुणाचं जनावर भर बाजारात जुंपून दाखवायचं नसतंय, गिऱ्हाईक लागतंय." मी म्हणलो, "लेकीला जनावर म्हणतो व्हय बे!" त्या दिवशीचा चहा दिला न्हाई त्यांना. दुसऱ्या दिवशी दिला. काय करता, बोलले ते खरंच व्हतं.

गेली. स्टँडवर सोडली. मशीन तिनं नेलं न्हाई, म्हणली, "तिथं लई हायत, हे तुमाला, मला पत्र लिहा." पत्र कसं धाडायचं ते दाखवलं, मी मान डोलवली, आन यष्टी हालली तवा सगळं इसरलो. एकदा चालू केलं, तर बदक वर आलं, खाली लिहिलतं 'उघडा', 'बंद करा'. माझ्या लेकीनं लिहिलेलं! कायच दाबलं न्हाई मी. नुसता बघत बसलो, मग रुमाल टाकला. गंगासागर आता त्या डब्यावर सांजच्याला उदबत्ती लावती. डबा पुन्हा आपल्या जुन्या नोकरीवर.

काल केदारनाथचा फोन आलता. फोन आता मोकळाच असतोय. "काका, नमस्कार! सगळं चालतंय ना?"

म्हणलो, "चालतंय की बाबा. मशीन चालतंय, मोडेम चालतंय, बदकबी चालतंय. सगळं चालतंय... फक्त चालवणारी हितं न्हाई."

तर म्हणतो कसा, "मग काका, तो डबा परत देता का? बीडात लई मागणी आलीय."